घोडे नेमके कोठे पेंड खाते

घोड्याशी माझा संबंध परवापरवापर्यंत केवळ वाक्प्रचारांपुरता होता. सोलापुरातील एका शाळेत ३४ वर्षे मराठी शिकवताना मी घोडे गंगेत न्हाऊ घातले, वरातीमागून पळवले, प्रसंगी स्वतःचेच पुढे दामटले आणि ते पेंड कोठे खाते याचा शोध घ्यायला शेकडो मुलांना लावले. प्रत्यक्ष घोडा मात्र लहानपणी टांग्यापुरताच भेटला आणि तेथेही मी पाठीला पाठ लावून मागच्या बाजूला बसत असल्यामुळे, घोडा ही माझ्या लेखी पाहण्याची नसून ऐकण्याची गोष्ट होती. माझी स्वतःची वरात मामांच्या जीपमधून निघाली होती आणि तीही ढकलावी लागली होती.

अशा माणसाला घोडा पारखण्यासाठी नेण्याची कल्पना माझ्या पुतण्यालाच सुचू शकते. त्याचा मंडप, लायटिंग आणि बँड पुरवण्याचा व्यवसाय आहे. वरातीसाठी दर वेळी दुसऱ्याची घोडी भाड्याने आणण्यापेक्षा स्वतःचीच घ्यावी, असे त्याने ऐन दिवाळीत फराळ करताना जाहीर केले. तुळशीची लग्ने लागली की माणसांचीही लागू लागतात, तेव्हा वेळ थोडा होता. मी त्याला हिशेब सांगितला, की मुहूर्त चातुर्मासात थांबतात, परंतु घोडीचे पोट चातुर्मास पाळत नाही. त्यावर तो म्हणाला, "काका, ते मी बघतो की ओ. तुम्ही फक्त बरोबर चला. तुमच्या तोंडाकडं बघून कुणी खोटं बोलत नाही." गृहपाठाच्या वह्या घरी विसरल्याची ३४ वर्षांतील सर्व कारणे माझ्या तोंडाकडे बघूनच सांगितली गेली होती, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

अज्ञान घेऊन बाजारात जाणे बरे नव्हे म्हणून मी आदल्या रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता पशुवैद्यक आहे. शाळेत असताना त्याला मी संधी सोडवता येत नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. त्याची परतफेड त्याने त्या रात्री पाऊण तास केली. मी टिपून घेत होतो आणि तो मधूनच "सर, आता मला म्हणून दाखवा" असे म्हणत होता. घोड्याचे वय दातांत, किंमत पायांत आणि स्वभाव कानांत असतो, हा त्याच्या व्याख्यानाचा सारांश होता. त्यातही दातांवर त्याने फार वेळ घेतला. घोड्याला पुढचे दात वर सहा आणि खाली सहा असतात. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी दुधाची जाऊन कायमची येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कोपऱ्यातली, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे भरते. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. दहाच्या सुमारास वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, ती पंधराच्या आसपास दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोहोचते. हे सारे ढोबळमानाने, असे त्याने दोनदा बजावले. शेवटी म्हणाला, "ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तो रोग माणसालाही होतो. आणि सर, घोड्याच्या बरोब्बर मागे उभे राहू नका. ती जागा त्याला दिसत नाही आणि ती त्याच्या लाथेच्या टप्प्यात असते."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पंढरपूरमार्गे अकलूजला निघालो. दिवाळीनंतर नीरेकाठच्या या गावात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पुतण्याला खरे तर सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा गाठायची होती, परंतु तापीकाठापर्यंत जाऊन घोडी सोलापूरला आणायची तर तिचा प्रवासखर्च घोडीइतकाच होईल, हे त्याला पटले. सौभाग्यवतींनी शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. कडक भाकरी हे सोलापूरचे भूषण असले तरी माझ्या दंतवैद्याने तिला हात लावण्यास मला सक्त मनाई केली आहे. मी ती आमटीत अर्धा तास भिजवून खातो आणि प्रवासात आमटी नसते, म्हणून पिशवी भरलेलीच राहिली. हे पुढे उपयोगी पडले.

बाजारात शिरताच माझ्या लक्षात आले, की तेथे माझ्याखेरीज सर्वांना घोड्यातले कळत होते. चहाच्या टपरीवरचा दहा वर्षांचा पोरगादेखील समोरून जाणाऱ्या घोड्याकडे एक नजर टाकून "मागून हालतंय" असे म्हणाला आणि दोन जाणत्या माणसांनी मान डोलावली. दावणींवर मारवाडी होते, काठेवाडी होते, पंजाबातून आलेले ताडमाड उंच होते. कोणी खरारा करीत होते, कोणी तोबरे बांधत होते. भाव विचारला की कोणी आकडा सांगत नव्हते, जनावराच्या बापाचे नाव सांगत होते. आम्ही ज्या दावणीपाशी थांबलो तिचा मालक गुलाबी पटका बांधलेला, मिशा पांढऱ्या झालेला, अत्यंत मृदू बोलणारा गृहस्थ होता. मी मास्तर आहे हे त्याने मी तोंड उघडण्यापूर्वीच ओळखले. त्याच क्षणी मी सावध व्हायला हवे होते.

त्याने पहिल्यांदा दुधासारखा पांढरा, गुलाबी कातडीचा नुकरा घोडा दाखवला. पुतण्या जागीच विरघळला, कारण नवरदेवाला पांढरेच लागते. "चार वर्षांचं हाय, मास्तर. अजून पोरगं हाय," मालक म्हणाला. मी वहीतील टिपणाप्रमाणे घोड्याच्या खांद्यापाशी उभा राहिलो आणि तोंड उघडण्याची विनंती केली. ती मालकाला केली होती, परंतु घोड्याने स्वतःहून ओठ मागे घेतले आणि माझ्या चष्म्यावर शिंकला. चष्मा पुसून पाहतो तो वरच्या कोपऱ्याच्या दातावर ती खाच इतकी स्पष्ट होती, की जणू माझ्या विद्यार्थ्याने खडूने ओढून ठेवली असावी आणि ती दाताच्या मध्यापर्यंत उतरली होती. मी घसा साफ करून म्हणालो, "हे पोरगं दहावी होऊन कॉलेजला जाण्याच्या वयाचं आहे. पंधरा." भोवतीची चार माणसे हसली. मालकाने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले, रागाने नव्हे, तर एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावे तसे, आणि घोड्याचे तोंड हलकेच मिटले. आयुष्यात इतक्या कमी अभ्यासावर इतके यश मला कधी मिळाले नव्हते, आणि दुर्दैवाने ते माझ्या डोक्यात गेले.

मी वही मिटली आणि बोलू लागलो. "आणि हे घोडं पेंड कुठं खातं?" असे मी ऐटीत विचारले. मालक गंभीरपणे म्हणाला, "पेंड म्हशीला घालत्यात, मास्तर. ह्याला चंदी लागती. भिजवलेला हरबरा." पुतण्याने दुसरीकडे पाहिले.

यानंतर पायांची परीक्षा होती. घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवावा आणि त्याच्या मानेकडे पाहावे, कारण पुढच्या पायांपैकी दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर भार देताना खाली घालतो, असे माझ्या टिपणात होते. दुसऱ्या एका घोडीचा कासरा धरून पुतण्या डांबरी रस्त्यावर धावला. एक मान हलत होती यात शंका नव्हती, परंतु धूळ, गर्दी आणि माझा शिंकेने डागाळलेला चष्मा यांमुळे ती कोणाची हे ठरवायला तीन फेऱ्या लागल्या. चौथ्या फेरीनंतर पुतण्या खाली बसला आणि घोट्याला हात लावून कण्हू लागला. घोडी निर्दोष होती.

तीच ती कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, जात मारवाडी, कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकलेली. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, होता. मालकाने अंगावरच्या केसांचे भोवरे एकेक करून असे समजावून सांगितले, की पत्रिका पाहणाऱ्या आमच्या गुरुजींनीही माझ्या लग्नात इतका वेळ घेतला नव्हता. देवमणाची घोडी दारात आली की लक्ष्मी मागोमाग येते, असे तो म्हणाला. मग तो ही लक्ष्मी विकायला का बसला होता, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण पेंडीच्या अनुभवाने मी गप्प राहिलो.

पुतण्याचे म्हणणे रास्त होते, की वरातीची घोडी वाद्यात पारखली पाहिजे. हलगीवाला शेजारीच होता, कारण तेथे नाचऱ्या घोड्यांची हौस करणारे पुष्कळ येतात. प्रश्न वर कोणी बसायचे एवढाच होता. मालकाचा मुलगा पुढे झाला तेव्हा पुतण्याने त्याला थांबवले. "बसता येणारा नको. नवरदेवाला कुठं बसता येतंय? ज्यानं जन्मात घोडा बघितला नाही असा माणूस पायजे." यानंतर सर्वांचे डोळे माझ्यावर आले.

मला एका खाटेवरून चढवण्यात आले. वरून जग वेगळे दिसते हे खरे आहे. घोडीच्या कानांची कमान होते आणि त्या कमानीतून मला चहाची टपरी, पलीकडचा टेम्पो आणि माझ्याकडे मोबाईल रोखून उभा असलेला पुतण्या दिसत होता. मग हलगी कडाडली आणि माझ्या खालची घोडी नाचू लागली. पळाली नाही, उधळली नाही, हे मी मान्य करतो. ती जागच्या जागी, ठेक्यात, अत्यंत कुशलतेने चारी पाय आळीपाळीने उचलत होती, आणि तिच्या प्रत्येक पावलाला माझ्या कण्यातील एकेक मणका आपले स्थान सोडून शेजाऱ्याची विचारपूस करून येत होता. मी आयाळ धरली. टोपी गेली. माणसे जमू लागली, आणि कोणा रसिकाने माझ्यावरून दहाची नोट ओवाळून हलगीवाल्याला दिली. हलगी थांबली की घोडी थांबणार होती, परंतु नोटा येत राहिल्या तर हलगी का थांबावी? "बास!" असे मी ओरडलो ते लोकांना "शाब्बास!" असे ऐकू आले असावे, कारण ठेका दुप्पट झाला. बासष्टाव्या वर्षी निघालेली माझी ही दुसरी वरात पहिलीपेक्षा बरीच लांबली आणि हिला ढकलावे लागले नाही.

जमिनीवर पाय टेकल्यावर मी पहिले वाक्य उच्चारले ते असे, की ही घोडी घ्यायची नाही. पुतण्या मोहात पडला होता. मी त्याला विचारले, की दोन रात्री जागलेला, उपाशी, फेट्यावरून मुंडावळ्या डोळ्यांवर आलेला आणि पुढ्यात पाच वर्षांचा करवला घेतलेला मुलगा हिच्यावर बसला, तर बोहल्यावर कितीजण पोहोचतील? त्याने मोबाईलमधील माझी फीत पुन्हा पाहिली आणि तो विचारात पडला.

दावणीच्या शेवटी एक बुटकी, करड्याकडे झुकणारी पांढरी घोडी उभी होती. तिच्याकडे कोणी आम्हाला नेले नव्हते. मी खाली बसून कंबर चोळत होतो म्हणून ती दिसली. "ती आपली इकडचीच हाय, भीमथडी," मालक काहीसे ओशाळून म्हणाला. भीमेच्या खोऱ्यातील याच काटक तट्टांनी मराठ्यांच्या घोडदळाचा भार वाहिला, हे मी इतिहासाच्या शिक्षकांच्या रजेत अनेकदा शिकवले होते. त्यांपैकी एकाची वारसदार डोळे अर्धवट मिटून एक मागचा पाय सैल सोडून उभी होती. हलगी तिच्या कानाशी नेली. तिने एक कान वळवला, ऐकले आणि परत जागेवर ठेवला. दिवाळीतील उरलेली लवंगीची माळ लावली. तिने डोळे पूर्ण उघडले, माझ्या पिशवीकडे पाहिले, मान आत घातली आणि कडक भाकरी बाहेर काढली. भाकरी मोडल्याचा तो खणखणीत आवाज मी डोळे मिटून ऐकला. नंतर तोंड उघडून पाहिले तर सात-आठ वर्षांचे भरलेले, सरळ दात होते, पण खरे म्हणजे ती औपचारिकता होती. लक्ष देण्यालायक नसलेल्या गोष्टीकडे इतक्या शांतपणे दुर्लक्ष करणारा प्राणी मी फक्त शेवटच्या बाकावर पाहिला आहे. रक्ततपासणीचा दाखला मालकाने मागताक्षणीच काढून दिला.

सौदा मी करावा असे पुतण्याचे मत पडले, कारण पंधरा वर्षांच्या प्रकरणामुळे माझा दबदबा निर्माण झाला होता. मालकाने आपला उपरण्याखालचा हात पुढे केला आणि माझा हात आत घेतला. त्याने माझी चार बोटे दाबली. मला वाटले, माणूस मोकळ्या मनाचा आहे, झाले गेले विसरून हात मिळवतो आहे. मीही सौजन्याने त्याची पाच दाबली. त्याच्या भुवया वर गेल्या आणि त्याने पुन्हा प्रेमाने दाबली, म्हणून मीही अधिक प्रेमाने दाबली. तेथे भाव तोंडाने नव्हे, तर उपरण्याखाली बोटे दाबून ठरतो, हे मला ठाऊक नव्हते. पुतण्याने उपरण्यात हात घालून माझा हात उपटून काढला तोपर्यंत घोडीचा भाव माझ्या आपुलकीमुळे वीस हजारांनी वर गेला होता. तो खाली आणायला त्याला चहाचे तीन फेरे आणि दोनदा निघून जाण्याचे नाटक करावे लागले. शेवटी विसार दिला गेला.

पावती करताना लेखनिकाने घोडीचा रंग, उंची, वय आणि भोवरे लिहून घेतले. मग साक्षीदार म्हणून माझे नाव विचारले आणि पुढे, वय?

"बासष्ट," मी म्हणालो.

लेखनिक लिहिणार तोच गुलाबी पटक्याच्या मालकाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि मृदू आवाजात मला म्हणाला, "मास्तर, जरा तोंड उघडता का?"