मृदू पाण्याच्या टाकीत चमचाभर सोडा: एका सल्ल्याचा प्रतिवाद

नाशिकमधील हौशी मत्स्यपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: धरणाचे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, असल्याने टाकीचा सामू, म्हणजे पीएच, घसरतोच; तो ७ वर असला की पाणी निर्दोष समजावे; घसरल्यास चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा; दर आठवड्याला सगळे पाणी बदलावे; आणि शक्य असल्यास आरओचे पाणी भरावे, कारण ते सर्वांत शुद्ध. यातील पहिले विधान अर्धे खरे आहे. उरलेल्या सूचना मात्र माशांच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे.

सामू ७ म्हणजे पाणी ठीक, हे मुळातच चुकीचे आहे. कार्डिनल टेट्रा हा मासा दक्षिण अमेरिकेतील ज्या रिओ निग्रो नदीत राहतो, तिचे पाणी चांगलेच आम्लधर्मी असते. त्याला ७ या आकड्याची काहीच गरज नाही. शिवाय सामू सारखाच असलेल्या दोन पाण्यांचे सामू टिकवून धरण्याचे बळ सारखे नसते. आपल्याकडील द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू उतरवतात, तेव्हा बोअरच्या पाण्याला धरणाच्या पाण्यापेक्षा जास्त आम्ल लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. हा फरक पाण्यातील बायकार्बोनेटचा असतो आणि त्याचेच माप म्हणजे केएच. मृदू पाण्याच्या टाकीत लक्ष ठेवायचे ते या केएचवर, कारण सामू घसरण्याआधी केएच संपत आलेला असतो.

तो संपतो कसा, हे आकड्यांत पाहता येते. फिल्टरमधील जिवाणू माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे हाच केएच, खर्च करतात. १ अंश केएच म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम. म्हणजे २ अंश केएचच्या टाकीत पाणी बदलले नाही, तर नायट्रेट सुमारे २२ मिलिग्रॅमने वाढेपर्यंत सामूला धरून ठेवणारा हा आधार जवळजवळ संपलेला असतो. घसरण होते ती या हिशेबाने, आणि नियमित थोडे पाणी बदलणाऱ्याच्या टाकीत ती बहुधा होतच नाही.

सर्वांत घातक सूचना सोड्याची आहे. बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टाकीचा सामू ६ च्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठत जातो. आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ पूर्णपणे अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो: २५ अंश सेल्सिअसला आणि सामू ६ असताना विषारी मुक्त अमोनियाचा वाटा साधारण ०.०६ टक्के, सामू ८ असताना मात्र ५ टक्क्यांहून थोडा जास्त. चमचाभर सोड्याने सामू एकदम वर गेला, तर त्याच पाण्यातील विष जवळपास शंभरपट होते, आणि मासे मेले की दोष ‘पीएच शॉक’ला, म्हणजे सामूतील अचानक बदलाला, दिला जातो. अशा टाकीत आधी अमोनिया तपासावा, खाद्य कमी करावे, क्लोरीन काढलेले पाणी रोज थोडे थोडे बदलावे आणि अमोनिया उतरल्यावरच केएच हळूहळू वाढवावा.

सोडा सर्वस्वी त्याज्य आहे असे नाही. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा केएच सुमारे १ अंशाने वाढवतो; तो विरघळवून, दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त वाढ होणार नाही अशा बेताने द्यावा. मात्र सोडा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम देत नाही, त्यामुळे जीएच, म्हणजे या दोन क्षारांचे माप, तसाच राहतो. माझी पसंती कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात त्या शिंपल्यांच्या चुऱ्याला आहे. तो धुऊन जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवला की पाणी आम्लधर्मी होईल तसा जास्त विरघळतो आणि केएच वाढला की मंदावतो.

दर आठवड्याला सगळे पाणी बदलण्याची गरज नाही. एरवी पाव हिस्सा पुरतो. क्षारांचे प्रमाण अचानक बदलले की माशाच्या शरीरातील क्षारसंतुलनावर ताण येतो. उपयोगी जिवाणू मुख्यतः फिल्टरमधील स्पंजवर आणि वाळूवर राहतात, म्हणून स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा.

आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच, म्हणून नुसत्या त्या पाण्याची टाकी सर्वांत अस्थिर असते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत बाष्पीभवनाने पातळी उतरते तेव्हा क्षार मागेच राहतात. ती तूट भरायला आरओचे पाणीच योग्य.

‘नाशिकचे पाणी मृदू’ हे सरसकट विधानही तपासून घ्यावे. गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतून शहराला पाणी मिळते, पण अनेक सोसायट्यांच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळलेले असते आणि ते मिश्रण उन्हाळ्यात बदलते. टाकीत पाणी भरण्यापूर्वी त्यात २४ तास पंपाने हवा सोडत राहावी आणि मगच त्याचा सामू, केएच आणि जीएच मोजावा, कारण नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू फसवा दिसू शकतो.