आधी मिनिटांचा हिशेब, मग सरासरी

साताऱ्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. संघाचा मागच्या हंगामाचा तक्ता हाती असला, की पुढच्या हंगामात गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवणे) आणि असिस्टमध्ये (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) कोण आघाडीवर राहील आणि कोणते आठ खेळाडू प्रत्यक्ष खेळतील हे आजच लिहून देता येते, असा त्यात दावा आहे. त्यासाठी चार आधार दिले आहेत आणि दाखले एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे घेतले आहेत. गप्पांपुरता तो असता तर उत्तर देण्याचे कारण नव्हते; पण शालेय संघांच्या निवडीच्या तोंडावर तो पालकांपर्यंत पोचला आहे आणि एखाद्या मुलीला सराव सुरू होण्याआधीच आठांच्या बाहेर बसवायला त्याचा उपयोग होऊ शकतो, हे मला गंभीर वाटते.

पहिला आधार असा, की मागच्या वर्षी ज्याची सरासरी सर्वाधिक, तोच पुढच्या वर्षीही पुढे. संघ तोच आणि भूमिकाही तीच राहिली, तर हे पुष्कळदा खरे ठरते. मात्र संघात एक मोठा खेळाडू आला किंवा गेला, की सगळी गणिते नव्याने मांडावी लागतात. 2015-16 मध्ये स्टीफन करीची सरासरी सामन्याला 30.1 गुणांची होती आणि दुसऱ्या संघात असलेल्या केव्हिन ड्युरंटची 28.2. पुढच्या हंगामात दोघे करीच्या गोल्डन स्टेट या संघाकडून एकत्र खेळले, तेव्हा करी 25.3 वर आला आणि ड्युरंट 25.1 वर. दोघांच्या मिळून जवळपास आठ गुणांची घट झाली, कारण चेंडू एकच असतो आणि बास्केटकडे फेकण्याच्या संधी वाटून घ्याव्या लागतात. त्याच वेळी ड्युरंटने सोडलेल्या ओक्लाहोमा सिटीत रसेल वेस्टब्रुक 23.5 वरून 31.6 वर गेला. त्याचे कसब एका उन्हाळ्यात एवढे वाढले असे कोणी म्हणणार नाही; संधी वाढल्या होत्या.

दुसरा आधार बदली खेळाडूंविषयी आहे: त्याचे गुण मिनिटांनी भागा, वाढीव मिनिटांनी गुणा, उत्तर तयार. त्यासाठी जेम्स हार्डनचे नाव दिले आहे, आणि नेमका तोच दाखला या पद्धतीच्या विरोधात जातो. 2011-12 मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून बेंचवरून, म्हणजे बदली खेळाडू म्हणून, येऊन तो सरासरी 31.4 मिनिटांत 16.8 गुण करीत असे. पुढच्या हंगामात ह्यूस्टनमध्ये त्याला 38.3 मिनिटे मिळाली. संदेशातील गुणाकार केला तर उत्तर साडेवीसच्या आसपास येते. हार्डनने प्रत्यक्षात 25.9 केले. वरचे पाच गुण मिनिटांनी आणले नाहीत. चेंडू आता पहिल्यापासून त्याच्या हाती होता आणि संघाची आक्रमणे त्याच्यापासून सुरू होत होती, म्हणून ते आले. हीच त्रुटी उलट्या दिशेनेही चालते, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या बदली खेळाडूंसमोर दहा मिनिटे चमकणारा खेळाडू त्यांच्या पहिल्या पाचांसमोर तीस मिनिटे खेळताना दमतो, फाउल करतो, आणि त्याच्यावर राखणही कडक बसते.

तिसरा आधार रोटेशनचा, म्हणजे कोणाला किती मिनिटे खेळवायचे याचा. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि संदेशात त्याविषयी एकच ओळ आहे: पहिले पाच ठरलेले असतात, पुढचे तीन उंची आणि अनुभवावरून कळतात. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण, म्हणून संघाकडे वाटायला 240 मिनिटे असतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांच्या 40 मिनिटांच्या सामन्यात 200. भाकीत करणाऱ्याने प्रत्येक नावापुढे मिनिटे लिहून बेरीज करावी. बहुतेक वेळा ती मर्यादेबाहेर जाते, कारण प्रत्येक आवडत्या खेळाडूला आपण थोडे जास्तच देतो. त्यात दुखापत आणि प्रशिक्षकाचा विचार यांना जागा ठेवावी लागते. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये गोल्डन स्टेटचा डेव्हिड ली मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला आणि त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन आला. ग्रीनने त्या हंगामात 79 सामन्यांत सुरुवात केली, आणि लीला पहिल्या पाचांतील जागा परत मिळाली नाही. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी कारकिर्दीत कधीही बेंचवरून न आलेल्या आंद्रे इग्वोडालाला साखळीतील एकाही सामन्यात सुरुवातीला उतरवले नाही. मग अंतिम मालिकेत संघ 1-2 असा मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात उंच अँड्र्यू बोगटला बसवून त्यालाच पहिल्या पाचांत घेतले, संघाने मालिका जिंकली आणि इग्वोडाला मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची आणि अनुभवाच्या कोणत्या तक्त्यावरून हे आधी लिहिता आले असते?

चौथा आधार असा, की तीन गुणांच्या फेकीतील मागची टक्केवारी पुढेही टिकते, आणि त्याला फार शब्द लागत नाहीत. शंभर फेकींत 36 आणि 42 यांत फरक सहा बास्केटचा, आणि एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. रिबाउंड, ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक अडवणे) आणि असिस्ट प्रति मिनिट मोजले तर त्यामानाने अधिक टिकतात. भाकीत करायचेच असेल तर ते तेथून सुरू करावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. वयाची मर्यादा ओलांडली की मागच्या वर्षीची आघाडीची खेळाडू गटातूनच जाते, आणि तिच्या फेकी कोणाकडे जाणार हे तक्ता सांगत नाही. शिवाय तो तक्ता ज्या स्कोअरशीटवरून तयार होतो ती नीट पाहावी. सुरुवातीच्या पाच जणींच्या नावापुढच्या फुलीला वर्तुळ असते, बदली म्हणून आलेलीच्या नावापुढे नुसती फुली. पुढे फाउल आणि बाजूला चढत्या गुणांचा स्तंभ. कोण किती मिनिटे खेळली, कोणी किती रिबाउंड घेतले, यासाठी त्यात रकानाच नाही. शेवटची दोन मिनिटे उतरून चार गुण करणारी आणि अख्खा सामना खेळून चार गुण करणारी, या दोघी त्या कागदावर जवळजवळ सारख्याच दिसतात.

म्हणून संदेश पुढे पाठवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की येत्या जिल्हास्तरीय सामन्यांत त्यांच्यापैकी एकाने वही आणि घड्याळ घेऊन बेंचशेजारी बसावे, प्रत्येक मुलगी मैदानात उतरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहावी, आणि रिबाउंडसाठी वेगळा रकाना आखावा. कोल्हापूर विभागाच्या स्पर्धेपर्यंत पोचणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला त्या वहीवरून पुढच्या वर्षीच्या 200 मिनिटांची पहिली मांडणी करता येईल, आणि तीही पेन्सिलीने करावी.