किराण्याचा हिशेब आणि मॅट्रिक्सचा गुणाकार

तुमचा आक्षेप असा, की किराण्याच्या हिशेबातून मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटींचा, गुणाकार शिकवण्यात तास वाया जातो आणि गणित पातळ होतं. त्यापेक्षा ओळ गुणिले स्तंभ हा नियम फळ्यावर लिहावा आणि वीस गणितं सोडवून घ्यावीत. बारावीच्या मुलांना ते चालतं, त्यांचा हात रोज चालू असतो. माझ्या रविवारच्या वर्गात मात्र नोकरी-घर सांभाळून, कितीतरी वर्षांनी वही उघडलेली माणसं येतात. नुसता पाठ केलेला नियम त्यांच्याकडे पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही.

त्या तासात काय होतं ते सांगते. एका घराला ५ किलो तांदूळ, २ किलो डाळ हवी. दुसऱ्याला ३ आणि ४. एका दुकानात तांदूळ ६० रुपये, डाळ १२०. दुसऱ्यात ५५ आणि १३०. सगळे आपापली बिलं काढतात: पहिल्या घराची ५४० आणि ५३५, दुसऱ्याची ६६० आणि ६८५. मग मी हेच आकडे चौकटीत मांडते. गुणाकार झालेला असतो, नियम नंतर लिहिला जातो. यादीत तीन वस्तू आणि भाव दोनच, तर बिल होणार नाही, हेही कुणाला समजवावं लागत नाही. क्रम उलटा करून भाव आधी ठेवले, की वरच्या ओळीतला दुसरा आकडा ६० × २ + ५५ × ४ म्हणजे ३४० येतो. तांदळाच्या भावाने डाळ मोजली गेली, हे वर्गातूनच कुणीतरी ओरडून सांगतं.

आणि हे व्यस्त मॅट्रिक्सपर्यंत, म्हणजे गुणाकार उलटा फिरवणाऱ्या मॅट्रिक्सपर्यंत, पोचत नाही, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. याद्या ठाऊक आहेत, पहिल्या दुकानाची बिलं ५४० आणि ६६० आहेत, तर भाव काढा. याद्यांच्या चौकटीचा निश्चयक, म्हणजे तिरकस गुणाकारांची वजाबाकी, ५ × ४ − २ × ३ = १४. तांदूळ (४ × ५४० − २ × ६६०) ÷ १४ = ६०. दुसऱ्या घराची यादी पहिल्याच्या बरोबर दुप्पट असती, तर निश्चयक शून्य, कारण दुसऱ्या बिलातून नवीन काही कळलंच नसतं. दहावीला क्रेमरची पद्धत (निश्चयकांच्या भागाकाराने समीकरणं सोडवणं) घोकलेल्यांना ‘शून्य आलं तर उत्तर नाही’ एवढंच आठवतं. खरं तर ठाम एकच उत्तर मिळत नाही, आणि का, ते इथे दिसतं.

सरावाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, तो हवाच. पण माझ्या विद्यार्थ्यांचे गुण जातात ते बहुतेक उणे चिन्हांत. मॅट्रिक्स सोपी करायला दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा करताना उण्यातून उणे आलं की हात अडखळतो. म्हणून वीस गणितांऐवजी मी आठच देते, आणि ती तिप्पट ओळ शेजारी वेगळी लिहिल्याशिवाय वजाबाकी करू देत नाही.