शाब्बासकी पुरे झाली, आता गप्प बसणारं अ‍ॅप हवंय

सकाळी डाळीला फोडणी देत होते आणि बँकेचा मेसेज आला. पियानोच्या अ‍ॅपचे पुढच्या वर्षाचे पैसे कापले गेले. सात हजारांच्या वर. मला न विचारता. (विचारलं होतं म्हणे, गेल्या वर्षी, कुठल्याशा बारीक अक्षरांत.) दोन मिनिटांनी त्याच अ‍ॅपचं नोटिफिकेशन: 'वा! तुम्ही कमाल करताय!'

कसली कमाल? मोहरी करपली माझी.

तुम्हाला माहीतच आहे, लॉकडाऊनमध्ये सगळे केळ्याचा केक करत होते तेव्हा मी सेकंडहँड डिजिटल पियानो घेतला. ८८ पट्ट्यांचा, हॉलमधला अर्धा दिवाण हलवून. लहानपणी पेटी शिकलेली, त्यामुळे बोटं अगदीच कोरी नव्हती. पहिलं वर्ष अ‍ॅपने मजेत गेलं. वरून रंगीत ठोकळे पडतात, ते खाली टेकले की पट्टी दाबायची, तारे मिळवायचे. मीही तारे मिळवले. ढीगभर.

मग गेल्या डिसेंबरात मडगाव.

नवऱ्याच्या मित्राकडे उतरलो होतो. घरात जुना अपराइट पियानो, दमट हवेने बिघडू नये म्हणून आत एक पिवळा बल्ब कायम पेटता. नवऱ्याने आगाऊपणा केला, "ही वाजवते." मी ऐटीत मोबाईल स्टँडवर टेकवला. मित्राची आई, ऐंशीच्या घरातली आंटी, खुर्चीतूनच म्हणाली, "तें बंद कर गो." उठून स्टुलाच्या पोटातून एक पिवळा कागद काढला आणि समोर ठेवला. जी मेजर या स्वरपट्टीतला तोच मिन्युएट (तीन मात्रांचा जुना युरोपी नाच), जो मी अ‍ॅपवर तीन तारे घेऊन 'पूर्ण' केला होता. (सगळे त्याला जर्मन संगीतकार बाखचा म्हणतात, अ‍ॅपसुद्धा. बाखच्या बायकोच्या १७२५ सालच्या वहीत तो आहे खरा, पण रचना पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराची. असो.)

मला पहिलं माप (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) वाचता येईना. पाच रेघा, त्यावर काळे ठिपके, आणि मी ठोकळे कधी पडतात याची वाट बघत बसलेली.

आता कुणी म्हणेल, ताई, नोटेशन तुम्ही शिकला नाहीत, अ‍ॅपचा काय दोष? बरं. निम्मा माझा.

पण उरलेला निम्मा बघा. अ‍ॅपमध्ये ती 'थांबून शिका' सोय असते ना, तुम्ही बरोबर पट्टी दाबेपर्यंत ठोकळे हवेतच लटकतात. नवशिक्याला बरं वाटतं. पण मी आठ सेकंद पट्टी शोधली तरी ते आठ सेकंद थांबणार आणि वर 'उत्तम' म्हणणार. तीन मात्रांचं नाच-संगीत हो ते! नाचणारा काय एक पाय वर घेऊन थांबणार आहे?

आणि ऐकतं तरी काय ते? मोबाईलच्या माइकमधून कोणता सूर, कधी लागला, एवढंच. कुठल्या बोटाने, मनगट आवळून की सोडून, हे त्याला दिसतच नाही. केबल लावली तर मिडीमधून (वाद्य आणि अ‍ॅप यांची आपसातली भाषा) प्रत्येक पट्टी किती जोरात दाबली याचा १ ते १२७ मधला आकडा जातो. म्हणजे माझा डावा हात उजव्याच्या डोक्यावर बसतो हे त्याला समजू शकतं. दोन वर्षं केबल लावून बसले, एका अक्षराने बोललं नाही. आंटीने चौथ्या मापात माझा डावा हात धरला आणि हळूच वर उचलला. बस.

पण त्याआधी, मी पहिल्या मापावरच अडले होते तेव्हा, तिने कागदावर बोट ठेवलं आणि गायला लागली. रे सोल ला सी दो, रे, सोल, सोल. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत आधी हे सोल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर नावांनी गाणं, घोटायचं, वाद्य नंतर. मला क्षणभर काही कळेना, कारण माझ्या पेटीवाल्या कानाला ते सरळ प सा रे ग म, प, सा, सा ऐकू येत होतं. तिचा रे एकाच पट्टीला चिकटलेला, हलत नाही, माझा सा कुठल्याही पट्टीवर बसतो. मी माझं गाऊन दाखवलं. आंटी इतकी हसली की दात सांभाळावे लागले. आणि त्यानंतर मला ते माप वाचता आलं. कान माझ्याकडे होता हो, दोन वर्षं कुणी वापरूच दिला नाही.

बघा, लिहिता लिहिता राग गेला थोडा. कारण खरं सांगायचं तर ते अ‍ॅप नसतं तर मी सुरुवातच केली नसती. रात्री अकराला हेडफोन लावून, कुणी हसणार नाही या खात्रीने बसता येतं. मी एका क्लासमध्ये चौकशी केली होती, तिथे ग्रेड वनच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, बॅचमध्ये सात वर्षांच्या मुलांशेजारी बसवणार होते. गुडघे टेबलाला लागत होते माझे.

तर, जे माझ्यासारखे 'पहिलं पुस्तक संपलं, आता कोणतं अ‍ॅप' असं इनबॉक्सात विचारतात त्यांना. मला आता शिक्षक-अ‍ॅप नको, हमाल-अ‍ॅप हवंय. ठोकळे नाही, छापील कागदासारख्या पाच रेघा दाखवणारं, दोनच मापं पुन्हापुन्हा फिरवणारं, साठ टक्के लयीत चालणारं पण माझ्यासाठी न थांबणारं, एक हात बंद करून दुसरा वाजवून दाखवणारं. गुण नकोत. हे सगळं कॉम्प्युटरवर म्यूझस्कोर नावाचं नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकटात करतं. जुन्या रचनांचे कागद आयएमएसएलपी या वेबसाइटवर २००६ पासून पडलेत, तेही फुकट. मोबाईलचा साधा रेकॉर्डर लावा आणि स्वतःचं ऐका, तारे आपोआप गळतात. हां, नवी गाणी तिथे मिळत नाहीत, त्यासाठी पैसे मोजावे लागतील. मोजा.

पण कुठल्याही अ‍ॅपला पैसे मोजण्याआधी त्याच्या फुकटच्या आठवड्यात एक करा. चार दिवस एकच तुकडा घ्या, पाचव्या दिवशी अ‍ॅप बंद आणि कागद समोर. काय उरलं ते बघा. मी हे मडगावला केलं, चार माणसांसमोर.

पैसे परत मागितलेत. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढं उत्तर आलंय. ऑटो-पे बंद केलं.

आंटीने तो पिवळा कागद मला देऊन टाकला. आठव्या मापात डाव्या हाताला तिने पेन्सिलने बोटाचा नंबर ४ लिहिलंय, म्हणजे अनामिका. मला तिथे ५, करंगळी, सोयीचं पडतं. संध्याकाळी फोन करून भांडणार आहे.