एफ आकार अन् आमचा कापूस

पडद्यावर नजर कुठं फिरते ते यंत्रानं टिपतात, त्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की वेबपान वाचणाऱ्याची नजर इंग्रजी एफसारखी फिरते: वर आडवी, मग डाव्या कडेनं खाली. वेबसाइट लोकांना वापरायला सोपी कशी होईल याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सननं २००६ मध्ये २३२ जणांवर हे दाखवलं ते संगणकाच्या पडद्यावर. मी यवतमाळकडच्या खेड्यात ऑनलाइन अर्ज भरून देतो. इथं मोबाइलवर बोट ठेवून वाचतात, अन् बोट थेट आकड्यावर जातं. कापसाचा भाव, नाहीतर विम्याची रक्कम. परवा एका काकांनी भलंमोठं हिरवं ‘पुढे जा’ बटण तसंच सोडलं. म्हणे, ‘मले वाटलं जाहिरात हाय!’ म्हणजे नजर तिथं थांबली होती, यंत्रानं टिपलीही असती. पण नजरेच्या जागी यंत्रानं दाखवलेल्या ठिपक्यावरून काकांच्या मनातलं कसं कळणार? बाकी, भर उन्हात तडकलेल्या काचेच्या फोनवर अशी चाचणी कोणी घेतली असेल तर तेवढं लिहा.