'पॉइंट ब्लँक'मधला वॉकर कोणालाही ठार मारत नाही

जॉन बूरमन यांच्या १९६७ च्या 'पॉइंट ब्लँक'विषयी एक दावा वारंवार केला जातो. एकट्या नायकाने शत्रूंना वेचून वेचून ठार मारायचे आणि अखेरीस आपले येणे वसूल करायचे, हा अ‍ॅक्शनपटांचा साचा याच चित्रपटाने घालून दिला, असे त्यात म्हटलेले असते. चित्रपट प्रभावी ठरला यात वाद नाही. त्या प्रभावाचे हे वर्णन मात्र चुकीचे आहे.

पहिला मुद्दा हत्यांचा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावरच्या ओस तुरुंगात मित्र रीस आणि पत्नी लिन यांनी दगा दिल्यावर, बंदुकीच्या गोळ्या लागलेला नायक वॉकर (अभिनेता ली मार्विन) परततो, तेव्हा प्रेक्षक रक्तपाताच्या तयारीने बसलेला असतो. प्रत्यक्षात लिन झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने मरते, रीस झटापटीत गच्चीवरून खाली कोसळतो, तर रीस ज्या गुन्हेगारी टोळीत असतो तिच्याशी संबंधित कार्टर, स्टेगमन आणि ब्रूस्टर हे तिघेही टोळीनेच नेमलेल्या नेमबाजाचे बळी ठरतात. वॉकर स्वतः पिस्तूल रिकामे करतो ते एका मोकळ्या पलंगावर! तो हिंसक नाही असे मुळीच नाही. नाइटक्लबमधली मारामारी आजही अंगावर येते. पण त्याच्या हातून थेट कोणी मरत नाही.

वसुलीचे म्हणाल तर, लुटीतल्या आपल्या वाट्याच्या ज्या ९३,००० डॉलरसाठी तो टोळीची एकेक पायरी चढत जातो, ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या फोर्ट पॉइंट या जुन्या किल्ल्यावर समोर येऊनही तो अंधारातून पुढे येत नाही. ज्याच्या माहितीवर तो विसंबला होता, तो माणूस टोळीतलाच निघतो आणि प्रतिस्पर्धी संपवण्यासाठी त्याने वॉकरला वापरलेले असते. याला हिशेब चुकता होणे म्हणता येणार नाही.

हा साचा मूळ कादंबरीतून आला, असेही सांगितले जाते. डोनाल्ड वेस्टलेक यांनी रिचर्ड स्टार्क या नावाने लिहिलेल्या 'द हंटर' या त्या कादंबरीतला नायक पार्कर खरोखरच स्वतः जीव घेतो, आणि त्याच कादंबरीवरचा १९९९ चा 'पेबॅक' या दाव्यात कितीतरी चपखल बसतो. बूरमन यांनी नेमके तेच टाळले. पटकथा आणि पात्रनिवडीवरचे आपले करारातले अधिकार मार्विन यांनी त्यांना देऊन टाकले होते, म्हणूनच हॉलिवूडमधला पहिलाच चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शकाला एवढी मोकळीक मिळाली.

खरा प्रभाव शोधायचा तर तो संकलनात आणि ध्वनीत शोधावा लागतो. लांब मार्गिकेतून चालणाऱ्या वॉकरच्या बुटांचा आवाज, पडद्यावर लिन उठते, आवरते, बाहेर पडते तेव्हाही चालूच राहतो आणि वॉकर दार फोडून आत घुसतो तेव्हाच थांबतो. दोन ठिकाणे आणि दोन वेळा त्या एका आवाजाने बांधल्या जातात, आणि गोळी न झाडता धास्ती वाढत जाते. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या 'द लाइमी'त (१९९९) संवाद एका प्रसंगातला आणि दृश्य दुसऱ्याच वेळेचे, अशी जी रचना सतत दिसते, तिचे मूळ इथे आहे. त्या चित्रपटातला नायक माणसे मारतो खरा, पण ज्याच्या शोधात तो लॉस एंजेलिसला आलेला असतो, त्यालाच शेवटी जिवंत सोडून निघून जातो.