खुलासा : ‘सहाचा रस्ता नऊ मीटर, आता कुंपण पाडणार’ या मेसेजबद्दल

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘रस्तारेषेची (रस्त्याची हद्द ठरवणाऱ्या रेषेची) नोटीस लागली, आठवड्यात जेसीबी येणार, छदामही मिळणार नाही.’ नोटीस लागली असली, तरी पुढच्या दोन्ही गोष्टी चूक.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नवी रेषा ठरते, ती आधी कागदावर. स्थायी समितीच्या बैठकीपूर्वी किमान एक महिना वर्तमानपत्रात, राजपत्रात आणि प्रत्यक्ष त्या रस्त्यावर नोटीस लागते. त्यानंतर इमारतीचा भाग मागे घ्यायचा तर कलम 212 ची वेगळी, मालकाच्या नावाची कारणे दाखवा नोटीस; मोकळी जागा किंवा कुंपण घ्यायचं तर कलम 213 खाली मालकाला किमान सात पूर्ण दिवसांची वेगळी नोटीस. मोबदल्यासाठी कलम 216 आहे. व्यवहारात तो बहुधा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआरच्या (दिलेल्या जागेबदली मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) रूपात मिळतो.

2020 साली 323 रस्ते सहाचे नऊ मीटर करण्याचा असाच प्रस्ताव आला, तेव्हाही हाच गोंधळ झाला होता. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही, म्हणून पुनर्विकासासाठी ही धडपड. सहाचे नऊ करताना दोन्ही बाजूंनी सारखं रुंदीकरण धरलं तर प्रत्येक बाजूची दीड मीटर जागा जाते. प्लॉटची रस्त्याकडची बाजू 12 मीटर असेल तर 18 चौरस मीटर.

हरकत मात्र नीट द्या. ती लेखी, नगरसचिवांच्या कार्यालयात, बैठकीच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी पोचली पाहिजे. क्षेत्रीय कार्यालयात दिलेली किंवा नुसती सह्यांची यादी बहुतेकदा वाया जाते. सिटी सर्व्हे नंबर, मंजूर लेआउटमधली रुंदी आणि टेप लावून मोजलेली रुंदी, दोन्ही लिहा. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.